घराभोंवतीं बाग

बागेविषयीं बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, कीं तीस वर्षें शाळेंत भूमिति शिकविल्यावर तीच भूमिति मीं घरच्या परसांत वापरूं गेलों आणि एकदां सपशेल फसलों.

उद्यानरचनेच्या पद्धति अनेक. मोगलांचा चारबाग म्हणजे पाटांनीं चौकोनाचे चार भाग पाडून रेखलेली बाग. काश्मीरांतील शालीमार जहांगीरानें १६१९ सालीं सुरू केली, ती ह्याच वळणाची. अठराव्या शतकांत इंग्लंडांत लॅन्सलट ब्राउन ह्यानें उलट वाट धरली. हिरवळ, तळें आणि झाडांचे पुंजके त्यानें असे मांडले, कीं माणसाचा हात लागल्याची शंकाहि येऊं नये. जपानी पद्धति पाहावयास मात्र दूर जावयास नको. पुण्यास सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे ह्यांच्या नांवाचें उद्यान आहे. ओकायामा शहरांतील, १७०० सालीं पुऱ्या झालेल्या, कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर तें रचलें आहे.

आपल्यापाशीं घराभोंवतीं जागा बहुधा दहापंधरा फुटांची. तींत ह्यांपैकीं एकहि पद्धति सबंध बसत नाहीं, आणि बसविण्याचा हट्टहि धरूं नये. आधीं कागद घ्यावा. घर काढावें, उत्तर दिशा दाखवावी. नळ, येण्याजाण्याची वाट, धुणें वाळविण्याची दोरी हीं मांडावीं, आणि मग ऊन पाहावें. पुण्यांत मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हींचा सूर्य किंचित् उत्तरेस असतो. एरवीं वर्षभर दक्षिणेस, आणि डिसेंबरांत तर क्षितिजापासून अवघा ४८ अंशांवर. म्हणजे हिवाळ्यांत घराच्या उत्तरेस लांब सावली. तेथें गुलाब लावले तर काड्या मिळतील, फुलें नाहींत. नेचे आणि अळूं मात्र सुखानें वाढतील. गुलाब, मोगरा दक्षिणेस न्यावे. पश्चिमेची भिंत उन्हाळ्याच्या दुपारीं तापते, म्हणून सावलीचें झाड त्या बाजूस हवें.

आमचें चुकलें तें येथेंच. दिशा बरोबर धरली, अंतर धरलें नाहीं. हातभर उंचीचें गुलमोहराचें रोप मीं पश्चिमेच्या भिंतीपासून पांच फुटांवर लावलें. कागदावर तें एक टिंब होतें. टिंबाऐवजीं झाडाच्या पुऱ्या विस्ताराचें वर्तुळ काढावयाचें असतें, हें भूमितीच्या मास्तरास सुचूं नये! ह्या झाडाचीं मुळें वरवर पसरतात, लांकूड ठिसूळ. बारा वर्षांत फरशी उचलली गेली, आणि एका पावसाळ्यांत मोठी फांदी कौलांवर कोसळली. झाड तोडावें लागलें. त्याच्याखालीं बसून आमच्या सौभाग्यवती रोज तांदूळ निवडीत. कुऱ्हाड चालली त्या दिवशीं त्या माजघरांतून बाहेर आल्या नाहींत.

त्या जागीं आतां पारिजातक आहे, भिंतीपासून आठ फूट मोजून लावलेला. तो बेतानें वाढतो, छाटणीहि सोसतो, आणि आश्विनांत सकाळीं अंगणांत फुलांचा सडा पडतो. त्या फुलें वेंचावयास जातात; तांदूळ निवडावयास मात्र अजून ओटीवरच बसतात. पारिजातकाची सावली विरळ, असें त्यांचें म्हणणें.