टिपणी आणि पत्रव्यवहार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, सरकारी कचेरीतली फाइल तुमच्यापैकी बहुतेकांनी निदान लांबून तरी पाहिली असेल. मंत्रालयाच्या भाषेत तिला नस्ती म्हणतात. तिचे दोन भाग असतात. एक पत्रव्यवहाराचा. आलेले अर्ज, पाठवलेली पत्रे, नकाशे, दाखले असे सगळे तारखेने लावलेले, पानांना क्रमांक घातलेले. दुसरा टिपणीचा. लिपिक आपले म्हणणे मांडतो, त्याखाली कक्ष अधिकारी मत लिहितो, उपसचिव एखादी शंका काढतात, नस्ती खाली येते आणि उत्तर घेऊन पुन्हा वर जाते. शंका कोणत्या कागदाबद्दल आहे हे चटकन कळावे म्हणून त्या पानाला पताका लावलेली असते. म्हणजे कागद आणि त्या कागदाबद्दल झालेले बोलणे, दोन्ही एकाच दोरीत.

या नस्तीच्या चालीची आपण पुष्कळ थट्टा केली आहे, आणि ती रास्तच आहे. पण कंपन्यांमध्ये कागदपत्रांची संगणकीय व्यवस्था लावण्यात पंचवीस वर्षे घालवल्यावर माझे मत असे झाले आहे, की संगणकाने आल्या आल्या काही केले असेल तर ही दोरी सोडून टाकली.

झाले असे, की कागद सांभाळणारी यंत्रणा एकांनी बनवली आणि बोलण्याची साधने दुसऱ्यांनी. १९९० साली अमेरिकेत डॉक्युमेंटम ही कंपनी निघाली. दस्तऐवजाची कितवी आवृत्ती, ती कोणी बदलली, कोणाला पाहता येईल, हे सगळे तिच्या यंत्रणेत काटेकोर. त्याच्या एकच वर्ष आधी लोटस नोट्स बाजारात आले होते, ते मात्र गटाने मिळून काम करण्यासाठी. एक तिजोरी आणि दुसरा कट्टा म्हणा ना! दोघांची सोयरीक जमवण्याचे प्रयत्नही लवकरच सुरू झाले. मायक्रोसॉफ्टचे शेअरपॉइंट २००१ मध्ये आले, आणि डॉक्युमेंटमने २००२ मध्ये ई-रूम नावाची गटकामाची कंपनीच विकत घेतली.

गाडी रुतली ती माणसांच्या सवयीत. तिजोरीत एक कागद ठेवायचा तर आठ-दहा रकाने भरायचे. कोण भरणार? लोक सरळ ई-मेलला फाइल जोडून पाठवू लागले, आणि पुढे हातात मोबाइल आल्यावर तर नकाशाचा फोटोच काढू लागले.

पुण्याजवळच्या एका कारखान्यातली गोष्ट सांगतो. तिथे पंपांची ओतीव कवचे बनत. नकाशे सगळे यंत्रणेत, मंजुरीच्या शिक्क्यासह. एकदा ग्राहकाच्या अभियंत्याने फ्लँजची जाडी दोन मिलिमीटरने वाढवायला सांगितली. हे बोलणे झाले मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये. नकाशावर पेनाने खूण करून फोटो टाकला गेला, फोरमनने अंगठा दाखवला, आणि ती खेप व्यवस्थित गेली. काही महिन्यांनी त्याच मालाची पुन्हा मागणी आली. मधल्या काळात फोरमन निवृत्त झाला होता. नव्या सुपरवायझरने नियमाप्रमाणे यंत्रणेतून नकाशा काढला, आणि चाळीस कवचे भंगारात गेली. चौकशीत तो बिचारा म्हणाला, “साहेब, नकाशा बरोबरच होता. बदल बोलण्यात झाला होता.”

आता यावर उपाय म्हणून दोन्ही साधने एकत्र जोडलेली मिळतात. मायक्रोसॉफ्टचे टीम्स २०१७ मध्ये आले. त्यात गटाच्या सामाईक चॅनलमध्ये फाइल टाकली, की ती पडद्याआड शेअरपॉइंटमध्ये जाऊन बसते. प्रत्येक आवृत्ती जपली जाते आणि सर्वांसमोर एकच प्रत राहते. विक्रेते हे फार रंगवून सांगतात. पण हीच फाइल दोघांच्या खासगी चॅटमध्ये पाठवली, तर ती पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या वनड्राइव्हमध्ये राहते. तो माणूस नोकरी सोडून गेला आणि त्याचे खाते काढून टाकले, की कोणी वेगळी तजवीज केलेली नसेल तर तीस दिवसांनी ती पुसली जाण्याच्या रांगेत लागते. आणि खरे कामाचे बोलणे लोक खासगी चॅटमध्येच करतात, हे मी सांगायला नको.

दुसरी गोम मुदतीची आहे. चर्चा एका ठिकाणी साठते, कागद दुसऱ्या ठिकाणी, आणि दोन्ही किती काळ ठेवायचे याचे नियम वेगवेगळे लावता येतात. मी अशी व्यवस्था पाहिली आहे की करारनामा दहा वर्षे जपायचा आणि त्यावरची चर्चा वर्षभरात पुसायची. दुसऱ्या वर्षी वाद निघाला तर कलम हातात असते, ते का घातले हे कोणालाच ठाऊक नसते. आपल्या अभिलेख कक्षात अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते ती अख्ख्या नस्तीची. टिपणी रद्दीत आणि पत्र कपाटात असे तिथे होत नाही.

हा केवळ कारखानदारांचा प्रश्न नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात माहितीच्या व्याख्येतच अभिप्राय, सल्ले आणि ई-मेल येतात. २००६ मध्ये केंद्र सरकारने टिपण्या या कायद्यातून वगळायचा घाट घातला, तेव्हा देशभर विरोध झाला, अण्णा हजारे आळंदीला उपोषणाला बसले, आणि तो बेत सोडून द्यावा लागला. लोक भांडले ते निर्णयाच्या कागदासाठी नव्हे, त्यामागच्या बोलण्यासाठी. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने बनवलेल्या ई-ऑफिसमध्ये टिपणी आणि पत्रव्यवहार हे दोन्ही भाग शेजारी शेजारी ठेवले आहेत, हे मला शहाणपणाचे वाटते. पण अधिकारी आधी मोबाइलच्या ग्रुपवर सगळे ठरवणार आणि टिपणीत फक्त “मान्य” लिहिणार असतील, तर माहिती मागणाऱ्या नागरिकाच्या हाती तेवढा एक शब्दच पडेल. अमेरिकेत शेअर बाजाराच्या नियामकाने सप्टेंबर २०२२ मध्ये सोळा वित्तसंस्थांना मिळून एक अब्ज डॉलरहून अधिक दंड केला, तो कर्मचाऱ्यांनी खासगी मोबाइलवर केलेली कामाची बोलणी जपून ठेवली नाहीत म्हणून.

त्या पंपांच्या कारखान्यात आम्ही शेवटी साधाच नियम केला. ग्रुपवर फोटो टाकायचा नाही, यंत्रणेतल्या नकाशाचा दुवा टाकायचा. बदल मंजूर करणाऱ्याने त्याच नकाशाच्या शेऱ्यात एक ओळ लिहायची, कोणी सांगितले आणि का. रकाने दहाचे दोन केले. जुन्या मंडळींनी कुरकुर केली, “आता आम्ही कारकुनी करायची का?” असेही विचारले. फोटो अजूनही येतात. डिझाइन विभागातल्या एका बाईंनी मात्र त्यांना उत्तर देणेच बंद केले आहे. त्या फक्त नकाशाचा क्रमांक विचारतात.