स्वरांचा हजेरीपट

पेटीच्या एका टोकाला खर्ज, तर दुसऱ्या टोकाला तार. सस्तन प्राण्यांच्या कानातही असाच क्रम आहे. शंखाकृती आंतरकर्णात, माणसाच्या बाबतीत, सुमारे ३५ मिलिमीटर लांबीचा पडदा असतो. तोंडाशी तो अरुंद व ताठ. तेथे उंच स्वर उमटतात. शेवटी रुंद व सैल, तेथे खालचे. या पडद्यावर ध्वनीची लाट कशी धावते, हे गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी दाखविले. त्यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

खरे नवल पुढेच आहे. कानातून निघालेले मज्जातंतू आपला शेजार न मोडता मेंदूच्या देठात शिरतात. तेथल्या पहिल्या केंद्रात खालचे स्वर पोटाच्या बाजूस, उंच स्वर पाठीच्या बाजूस. त्यावरच्या केंद्रातही स्वरांचा क्रम थराथरांनी लागतो. हजेरीपटावर जशी प्रत्येकाची ओळ ठरलेली, तशी प्रत्येक स्वराची जागा ठरलेली!

म्हणूनच यंत्रमागाच्या खडखडाटाने येणारे बहिरेपण सरसकट येत नाही. सेकंदाला सुमारे ४,००० कंपनांची जागा बहुधा आधी जाते, मग नुकसान पसरते. कामगाराला हाक ऐकू येते, पण ‘सात’ की ‘आठ’ ते उमगत नाही. लोक म्हणतात, याचे लक्ष नाही! आणि माणसाच्या कानातील मेलेल्या केशपेशी पुन्हा उगवत नाहीत.

तेव्हा हाक मारून कान तपासणे आम्हांस मान्य नाही. तपासणी स्वरागणिक झाली पाहिजे, दरवर्षी झाली पाहिजे. आणि त्याआधी यंत्राचा आवाज कमी झाला पाहिजे.