मोजणी आणि साक्ष



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या प्राध्यापकाने संगणकावरील डेटाबेसचा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु अनेक नोंदी एकत्र करून निष्कर्ष काढणे हे पाठसंशोधकाचेही नित्याचेच काम आहे.

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. पुढे नकला होत गेल्या, अपपाठ शिरले आणि शके १५०६ मध्ये एकनाथांनी तिचे शुद्धीकरण केले. अशा ग्रंथातील एका ओवीचे पाठ आपण डेटाबेसमध्ये नोंदवले, अशी कल्पना करा. प्रत्येक नोंदीत ओवीचा क्रमांक, पोथीचे नाव, लेखनशक आणि पाठ. समजा, पोथ्या पाच आहेत. तीन पोथ्यांत एक पाठ, चौथीत निराळा. पाचवीचे ते पानच गहाळ.

आता ओवीनुसार गट पाडून पोस्टग्रेस्क्यूएल या प्रणालीला प्रश्न विचारू. पाठाच्या रकान्यावर 'काउंट' लावले, तर उत्तर चार येते. रिकामी नोंद ते मोजत नाही. 'मोड' सर्वाधिक वेळा आलेला पाठ देते आणि चौथ्या पोथीचे म्हणणे नाहीसे होते. 'अ‍ॅरे_अ‍ॅग' मात्र पाचही नोंदी एका अ‍ॅरेत, म्हणजे क्रमवार यादीत, राखते. गहाळ पानाची रिकामी जागासुद्धा.

येथे एक पथ्य पाळावे लागते. यादीचा क्रम आपोआप निश्चित होत नाही. फलनाच्या कंसातच 'ऑर्डर बाय' लिहून आधी लेखनशक, मग पोथीचे नाव असा क्रम सांगावा. पोथ्यांची आणि पाठांची अशा दोन याद्या केल्या, तर दोन्ही कंसांत तोच क्रम हवा. अन्यथा एका पोथीचा पाठ दुसरीच्या नावावर जाण्याचा धोका राहतो.

एवढा खटाटोप कशासाठी? त्या तीन पोथ्या एकाच पोथीवरून उतरवलेल्या असतील, तर त्या तीन साक्षी नव्हेत. ती एकच साक्ष तीनदा ऐकू आली, इतकेच. मूळ शब्द कदाचित त्या एकट्या चौथ्या पोथीत असेल. पोथ्या मोजून पाठ ठरत नाही, त्या पारखाव्या लागतात; आणि पारखण्यासाठी प्रत्येक पोथी समोर असावी लागते. बेरजेतून यादी परत मिळत नाही. यादीतून बेरीज केव्हाही करता येते.

विद्यार्थी मित्रहो, पुढे तुमच्यासमोर अनेक आकडे ठेवले जातील. आकडा जरूर पाहा. पण त्यामागची यादी मागितल्याशिवाय निवाडा करू नका.