बिदरीचे काळे रूप

जुन्या हैदराबाद संस्थानातील घरांच्या दिवाणखान्यात काळ्याभोर धातूची, चांदीच्या वेलबुट्टीने मढलेली फुलदाणी किंवा पानदान पुष्कळ श्रोत्यांनी पाहिले असेल. तेच बिदरी काम. बीदर ही बहामनी सुलतानांची आणि मागाहून बरीदशाहीची राजधानी. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तरी भालकी-औरादकडे मराठी अद्याप नांदते आहे.

भांडे पाहणाऱ्यास धातू मुळातच काळा असावा असे वाटते; पण तसे नाही. साधारणपणे 16 भाग जस्तास 1 भाग तांबे मिसळून केलेला रस साच्यात ओततात. त्यातून निघालेले भांडे राखी रंगाचे, दिसण्यात अगदी सामान्य असते. ते कानशीने घासून त्यावर मोरचुदाचे पाणी लावतात. त्याने येणारा काळेपणा तात्पुरता. नक्षीची रेघ दिसावी एवढ्याचसाठी तो. टोकदार सळईने फुलेपाने रेखायची, छिन्नीने त्यांचे चर खोदायचे आणि चरांत चांदीची तार अथवा पत्र्याचे तुकडे ठोकून बसवायचे. तारेच्या कामाला तारकशी म्हणतात. त्यानंतर भांडे पुन्हा घासले की मोरचुदाचा रंग जातो, आणि चांदी व भोवतालचा धातू जवळजवळ सारखेच दिसू लागतात. इतक्या कष्टाची नक्षी डोळ्यांसमोर असून दिसत नाही!

ती दिसते मातीमुळे. बीदरच्या किल्ल्यातील जुन्या, ऊनपाऊस न लागलेल्या जागेची माती नवसागरासह पाण्यात कालवून किंचित तापविलेल्या भांड्यावर चोळतात. जस्ताचा धातू काळा पडतो. चांदी मात्र होती तशीच राहते. ही माती कारागीर जिभेवर ठेवून पारखतो. तिच्यातील क्षार त्याला चवीने कळतात. माती चुकली तर रंग फिका येणार आणि मागचे सारे श्रम फुकट जाणार.

लखनौ आणि पूर्णिया येथेही पूर्वी असे काम होत असे. तेथे बीदरची माती कोठून येणार? ते लोक नवसागर, सोरा यांवर भागवीत. तेव्हा किल्ल्याच्या मातीवाचून काळा रंग येतच नाही, असे म्हणणे अभिमानाचे असले तरी खरे नव्हे. मात्र ती माती वर्षानुवर्षे जिभेने ओळखणारा माणूस बीदरमध्येच घडला.

1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात बिदरी वस्तू मांडल्या गेल्या होत्या. त्या काळी हुक्क्याची बुडे, सुरया, पिकदाण्या यांना सरदारांच्या घरी मागणी असे. हुक्का गेला, पिकदाणीही गेली; आता त्याच हातांनी बाहीची बटणे, डब्या आणि किल्ल्यांचे अडकवणे करावे लागते. लहान वस्तूवर नक्षीला जागा किती मिळणार? बिदरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि 2023 साली शाह रशीद अहमद कादरी या बीदरच्या कारागिराला पद्मश्रीही मिळाली. सन्मान योग्यच झाला. पण चांदी रोख पैशाने आधी आणावी लागते आणि मजुरी वस्तू खपल्यावर हाती पडते. चांदी महागली की तार बारीक होते, फुलांमधले अंतर वाढते. गिऱ्हाईक मात्र भाव करताना भांडे हातात घेऊन आधी वजन पाहते. आणि ते वजन तर जस्ताचे असते.