वसईहून आविलाला

वसईत पोर्तुगिजांचं राज्य होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. पण 1580 ते 1640 या काळात पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाच्याच डोक्यावर होता. म्हणजे वसईचा किल्लाही त्याचाच!

याच काळात वसईचे गोन्सालो गार्सिया मनिलात स्पॅनिश फ्रान्सिस्कनांना मिळाले. 1593 मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्टिस्टांचे दुभाषी म्हणून ते जपानला गेले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत दोघांनाही क्रुसावर मारलं. 1862 मध्ये ते संत ठरले.

पेद्रो स्पेनमधल्या आविला प्रांतातले. स्पेनला गेलात तर माद्रिदहून आगगाडीनं आविला गाठा, अडीच किलोमीटरची जुनी तटबंदी पाहा. त्याआधी आपल्या किल्ल्यातलं गोन्सालो गार्सियांचं चर्च मात्र जरूर पाहून घ्या.