लिपी, संगणक आणि हक्काचा वाद

राजकारण, नागरिकांचे हक्क, भाषा आणि संगणकाचे सॉफ्टवेअर या चार विषयांवर गेल्या तीन दशकांत जे हिरिरीचे वाद झाले, त्यांच्याबद्दल सुशिक्षित समाजात एक तक्रार सर्रास ऐकू येते. वाद घालणारे लोक विषयांची सरमिसळ करतात, अक्षराच्या वळणाची चर्चा सुरू असताना मध्येच लोकशाही आणतात आणि एखाद्या आज्ञावलीतील दोषाबद्दल बोलता बोलता मातृभाषेच्या अस्तित्वापर्यंत जाऊन पोहोचतात, अशी ती तक्रार आहे. इंग्रजीपुरती ती काही अंशी खरी मानता येईल, कारण रोमन लिपी संगणकाच्या अंगी जन्मापासूनच मुरलेली आहे. मराठी, मलयाळम, कोकणी यांसारख्या भाषांच्या बाबतीत मात्र ती टिकत नाही. या भाषांतील एखादे अक्षर पडद्यावर कसे उमटावे, ते साठवताना कोणत्या रूपात साठवावे आणि शोधल्यावर ते सापडावे की नाही, हे कोणीतरी कोठेतरी ठरवलेले असते, आणि कोट्यवधी लोकांच्या लेखनव्यवहारावर परिणाम करणारा निर्णय ज्यांच्या हातून होतो त्यांना जाब विचारणे हे राजकारणच आहे.

मुळात संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा द्यायचा याच्या सर्वमान्य कोष्टकाला संकेतप्रणाली म्हणतात. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली ‘इस्की’ या नावाने ओळखली जाणारी प्रणाली मानक म्हणून प्रसिद्ध केली. तिच्यातील २५६ जागांपैकी पहिल्या १२८ रोमन लिपीकडे होत्या आणि उरलेल्या जागांत ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिपी एकाच आराखड्यात बसवलेल्या होत्या. त्याच वर्षी जगातील सर्व लिपींसाठी एकच कोष्टक असावे या हेतूने ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरीसाठी स्वतंत्र १२८ जागा राखल्या गेल्या, त्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली होती. हे कोष्टक सांभाळणारी संस्था अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात आहे, तिच्या मतदार सदस्यांत मोठ्या संगणक कंपन्यांचा भरणा आहे आणि भारत सरकारही तिचे सदस्य राहिलेले आहे. तिचा एक नियम विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे, तो म्हणजे एकदा एखाद्या अक्षराला दिलेली जागा पुन्हा काढून घेता येत नाही. शुद्धलेखनाचा नियम दहा वर्षांनी बदलता येतो, पाठ्यपुस्तक पुढच्या आवृत्तीत सुधारता येते, परंतु या कोष्टकातील चूक कायमची राहते; म्हणून येथे जो वाद घालायचा तो निर्णयाच्या आधीच घालावा लागतो.

मराठीपुरते दोन दाखले जवळून पाहिले म्हणजे या वादात काय पणाला लागलेले असते ते कळते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना’ बोलावणे वेगळे आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावणे वेगळे. रफार आणि अर्धचंद्रासारखा दिसणारा हा ‘ऱ’ यांतील भेद मराठीला अर्थासाठी हवा असतो, हिंदीला त्याची गरज पडत नाही. युनिकोडमध्ये हे जोडाक्षर दोन मार्गांनी लिहिता येते. एका मार्गात साधा ‘र’, त्याला हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे पडद्यावर न दिसणारे पण शेजारच्या अक्षराचे रूप बदलणारे चिन्ह, अशी मालिका असते. दुसऱ्या मार्गात द्राविडी भाषांतील एक उच्चार नागरीत दाखवता यावा म्हणून ठेवलेल्या ‘ऱ’ या नुक्त्याच्या अक्षराला हलन्त जोडला जातो. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात, मात्र संगणकाच्या लेखी त्या आकड्यांच्या दोन निराळ्या मालिका असतात आणि शोध घेणाऱ्या आज्ञावलीला त्या समान मानायला कोणी शिकवले नसेल, तर एकीने लिहिलेला शब्द दुसरीने शोधल्यावर सापडत नाही.

‘ॲ’ची कथाही अशीच आहे. ‘ॲडव्होकेट’ किंवा ‘ॲम्ब्युलन्स’ हे शब्द मराठीत ‘अ’वर चंद्र देऊन लिहितात, हिंदीत ‘ए’वर चंद्र देतात; युनिकोडमध्ये आरंभी हिंदीचे अक्षर होते, मराठीचे नव्हते, ते २००८ साली आले. मधल्या काळात लोकांनी ‘अ’ टंकून त्यापुढे चंद्राचे चिन्ह लावून वेळ भागवली, काहींनी हिंदी अक्षरावर समाधान मानले, आणि आज मराठीच्या साठ्यात एकाच स्वराची तीन लेखने नांदत आहेत, ज्यांपैकी दोन तर दिसायलाही एकच आहेत. एखाद्या कार्यालयातील लिपिकाने यादीत नाव एका रीतीने टंकलेले असेल आणि अर्जदार ते दुसऱ्या रीतीने शोधत असेल, तर यंत्र त्याला ‘नोंद आढळली नाही’ असे सांगते. अर्जदाराची चूक काहीच नसते.

असाच प्रश्न केरळात उभा राहिला तेव्हा तेथील लोकांनी तो कसा हाताळला, हे सविस्तर पाहण्याजोगे आहे. टंकलेखनयंत्राच्या सोयीसाठी केरळ सरकारने १९७१ साली मलयाळम लिपीत सुधारणा लागू केली, अनेक जोडाक्षरे फोडली आणि व्यंजनाला चिकटून येणारी उकारासारखी चिन्हे वेगळी काढली. १९९९ च्या सुमारास ‘रचना’ या नावाने एकत्र आलेल्या मंडळींनी अशी भूमिका मांडली की ज्या यंत्राच्या मर्यादेपायी लिपीची मोडतोड केली गेली ते यंत्रच आता इतिहासजमा होत आहे, संगणकाला शेकडो जोडाक्षरे पेलता येतात, तेव्हा मूळ लिपी परत आणली पाहिजे. आणि ही भूमिका नुसती मांडून न थांबता त्यांनी त्या लिपीचा संपूर्ण फॉन्ट तयार केला. पुढे ‘स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग’ या स्वयंसेवी गटाने मुक्त सॉफ्टवेअरच्या मार्गाने हेच काम वाढवले.

त्यानंतर आला तो ‘चिल्लू’चा वाद. मलयाळममध्ये काही व्यंजने स्वराशिवाय येतात तेव्हा त्यांना खास आकार मिळतो, त्याला चिल्लू म्हणतात. हे आकार युनिकोडमध्ये व्यंजन, हलन्त आणि तोच अदृश्य जोडक अशा मालिकेने लिहिले जात. एका पक्षाचे म्हणणे असे होते की ‘अवन्’ म्हणजे ‘तो’ आणि शेवटी अर्धवट उकार असलेला त्याच अक्षरांचा शब्द म्हणजे ‘त्याला’, या दोहोंतील फरक केवळ न दिसणाऱ्या जोडकावर अवलंबून राहतो, अनेक आज्ञावल्या तो जोडक निरर्थक समजून गाळतात, म्हणून चिल्लूंना स्वतंत्र जागा मिळाल्या पाहिजेत. दुसऱ्या पक्षाचे उत्तर असे होते की चिल्लू हे वेगळे अक्षर नसून व्यंजनाचेच एक रूप आहे, जोडक गाळणाऱ्या आज्ञावल्या दुरुस्त करायच्या सोडून लिपीचे व्याकरण बदलणे हा उलटा न्याय आहे, आणि नव्या जागा दिल्यास तोवर साठलेला सगळा मजकूर एका रीतीचा व पुढचा दुसऱ्या रीतीचा होऊन शोध घेणे अवघड होईल व सारख्या दिसणाऱ्या नावांनी फसवणूक करण्यास वाव मिळेल.

हा वाद काही वर्षे चालला आणि तो कडवटही झाला. त्यात भाषाशास्त्र होते, प्रोग्रॅमिंग होते, शिवाय मलयाळमचा निर्णय मलयाळी माणसांनी घ्यायचा की परदेशातील समितीने, हा उघड राजकीय सवालही होता. २००८ साली निकाल पहिल्या पक्षाच्या बाजूने लागला आणि चिल्लूंना स्वतंत्र जागा मिळाल्या. दुसऱ्या पक्षाने वर्तवलेली अडचणही खरी ठरली, दोन प्रकारचा मजकूर मागे राहिला आणि त्यांचा मेळ घालण्याचे काम आज्ञावल्यांना करावे लागले. तरीही या वादाचे मोल निकालावर मोजणे बरोबर होणार नाही. त्यातील प्रत्येक मुद्दा शब्दांची जोडी दाखवून, साठवलेल्या आकड्यांची मालिका उलगडून आणि प्रत्यक्ष चालणारी आज्ञावली समोर ठेवून मांडला गेला, त्यामुळे हरलेल्या पक्षाचे आक्षेपसुद्धा पुढच्या दुरुस्त्यांना उपयोगी पडले आणि मलयाळमला आपल्या लिपीबद्दल अधिकाराने बोलू शकणारी एक पिढी मिळाली.

महाराष्ट्राला लिपीच्या वादाची परंपरा नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी पुढे मांडली आणि ‘अि’, ‘अु’, ‘अे’ असे लेखन स्वतः करून दाखवले. १९५३ च्या लखनौ परिषदेत ऱ्हस्व इकार उजवीकडे द्यावा असे ठरले आणि तो निर्णय लोकांनी पचवला नाही. १९६२ साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले, १९७२ साली त्यांत भर पडली, आणि त्यांच्यावरचा वाद अजून धगधगता आहे. या सर्व चर्चांत साहित्यिक, संपादक, मुद्रक आणि शिक्षक एका पंक्तीला बसलेले होते. संगणक आला आणि ही पंगत मोडली. लिपीचा प्रश्न ‘तांत्रिक’ ठरवून तंत्रज्ञांकडे सोपवण्यात आला, तंत्रज्ञांना भाषेचे बारकावे कोणी समजावले नाहीत, आणि प्रकाशनव्यवसायाने रोमन अक्षरांच्या आकड्यांवर मराठीचे आकार चिकटवणाऱ्या फॉन्टांवर अनेक वर्षे काम चालवले. अशा फॉन्टात जुळवलेले पुस्तक कागदावर देखणे छापले जाते, पण तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तेच पुस्तक निरर्थक रोमन चिन्हांची रास होऊन बसते. कवी, सुलेखनकार आणि अध्यापक र. कृ. जोशी हे या परिस्थितीला सन्माननीय अपवाद होते. विंडोज २००० बरोबर जगभर गेलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांच्या हातचा आहे, आणि अक्षराची जाण असलेला माणूस संगणकाजवळ बसला म्हणजे काय होते याचा तो पुरावा आहे.

येथे हक्काचा प्रश्न येतो. अमेरिकन प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली. आज्ञावली हव्या त्या कामासाठी वापरणे, तिचे अंतरंग तपासून ते बदलणे, तिच्या प्रती वाटणे आणि बदललेली आवृत्तीही वाटणे, ही चार स्वातंत्र्ये वापरणाऱ्याला असली पाहिजेत, हा तिचा गाभा आहे. १९९८ साली याच कामाला ‘ओपन सोर्स’ हे नाव देणाऱ्यांनी स्वातंत्र्याऐवजी कार्यक्षमतेवर भर दिला आणि तेव्हापासून दोन्ही छावण्यांत तात्त्विक वाद चालू आहे. इंग्रजी वापरणाऱ्याला तो वाद सैद्धान्तिक वाटू शकतो. मराठी वापरणाऱ्याच्या बाबतीत बदल करण्याचे स्वातंत्र्य रोजच्या गरजेचे आहे, कारण ज्या भाषेच्या ग्राहकांवर कंपनीचा फारसा नफा अवलंबून नाही तिच्यातील दोष दुरुस्त होण्यासाठी एकतर कंपनीच्या मर्जीची वाट पाहावी लागते किंवा दुरुस्ती स्वतः करण्याची मुभा असावी लागते. दृष्टिहीन वाचकांसाठी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे ‘एनव्हीडीए’ हे मुक्त सॉफ्टवेअर आणि त्याच्यासोबत चालणारी ‘ईस्पीक’ ही वाचाप्रणाली मराठीही बोलते, आणि तिचा उच्चार चुकत असेल तर मराठी माणसाला तो सुधारण्याची वाट मोकळी आहे. मात्र हीच प्रणाली जुन्या फॉन्टातला मजकूर वाचू शकत नाही, छायाप्रतीच्या रूपात टाकलेला शासकीय कागदही वाचू शकत नाही. म्हणजे तो कागद प्रसिद्ध होऊनही दृष्टिहीन नागरिकासाठी अप्रकाशितच राहतो.

कंपन्यांनी भारतीय भाषांसाठी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. भ्रमणध्वनीवर मराठी टंकणे आज सोपे झाले आहे त्यात त्यांचा वाटा मोठा आहे, आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचा ‘मुक्त’ हा फॉन्ट खुल्या परवान्याखाली सर्वांना मिळतो, म्हणजे व्यवसाय आणि मोकळीक यांचे हाडवैरही नाही. आक्षेप आहे तो भाषा सोयीवर सोडण्याला. दिलेली सोय काढून घेता येते, हक्क तसा काढून घेता येत नाही.

अशा वादांचा सूर अनेकदा बिघडतो, हे मान्य केले पाहिजे. भाषेचा प्रश्न विचारणारा लगेच संकुचित ठरतो आणि परवान्याचा प्रश्न विचारणारा हटवादी ठरतो. परंतु सूर बिघडतो म्हणून तोंड बंद करण्याचा उपाय किती घातक असतो ते महाराष्ट्राने पाहिलेले आहे. २०१२ साली पालघरमध्ये दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली, त्यातून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ या कलमाला आव्हान दिले गेले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. चर्चा, मताचा पुरस्कार आणि चिथावणी या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी त्यांना राज्यघटनेचे संरक्षण आहे, हे त्या निकालाचे सार होते. कडवट वादाला उत्तर अधिक पुराव्याचा वाद हेच असू शकते.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि प्राथमिक शाळेतील तिसऱ्या भाषेवरून २०२५ मध्ये झालेल्या विरोधापुढे शासनाला आपले निर्णय मागे घ्यावे लागले. भाषेसाठी एकत्र येण्याची ताकद या समाजात आहे याबद्दल शंका नको. ती ताकद आता संकेत, फॉन्ट आणि परवाने यांच्याकडेही वळली पाहिजे. शासनाने खर्च करून तयार केलेला प्रत्येक मराठी मजकूर युनिकोडमध्ये, शोधता येईल अशा रूपात आणि खुल्या परवान्याखाली द्यावा, ही मागणी साहित्यसंस्थांनी आपल्या ठरावांत घ्यावी. विद्यापीठांतील मराठी आणि संगणकशास्त्र या विभागांनी ‘ऱ’ आणि ‘ॲ’ यांच्या दुहेरी लेखनाचा मेळ घालणारी साधने एकत्र बसून तयार करावीत. युनिकोडच्या मसुद्यांवर लेखी अभिप्राय पाठवण्यासाठी सदस्यत्व लागत नाही, तो कोणालाही पाठवता येतो. मराठीच्या प्राध्यापकांनी, कोशकारांनी आणि मुद्रितशोधकांनी तो पाठवण्यास सुरुवात करावी.