लाज आणि नामुष्की



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी बोनसवर किंवा नव्या कामगार कायद्यांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय कळवला तो 'लाज'. युनियनवाल्याचा आणि लाजेचा संबंध काय, असेही कोणाच्या मनात आले असेल. माझे शाळेतले शिक्षण बेताचेच. जे काही वाचले ते वाचनालयाच्या बाकावर, आणि जे शिकलो ते युनियनच्या कचेरीत लोकांचे अर्ज लिहिताना. परंतु अर्ज लिहिणाऱ्याला शब्दाचे मोल फार लवकर कळते. वाक्यातला एक शब्द चुकीचा पडला, तर त्याचे पैसे कामगाराला भरावे लागतात.

एक उदाहरण देतो. एका कारखान्यात रात्रपाळीचा कामगार यंत्रापाशी डुलकी घेताना सापडला. नोटीस आली. तो कचेरीत आला आणि मला मजकूर सांगू लागला : "साहेब, लिहा, मला माझी शरम वाटते, मी तोंड दाखवायच्या लायकीचा नाही." मी विचारले, "बाबा रे, सलग किती पाळ्या केल्यास?" तो म्हणाला, "बदली माणूस आला नाही, म्हणून तीन दिवस डबल." मी लिहिले : "सलग तीन दिवस दुहेरी पाळी करावी लागल्याने डोळा लागला. झाल्या गोष्टीबद्दल दिलगीर आहे." दिलगिरी ही घडलेल्या गोष्टीबद्दल असते. शरम ही आपल्या स्वतःबद्दल असते. पहिलीने खुलासा होतो. दुसरीने कबुलीजबाब होतो, आणि तो पुढे चौकशीत आपल्याच विरुद्ध वाचला जातो.

तेव्हापासून मला या शब्दांच्या कुटुंबाकडे पाहायची सवय लागली. लाज, शरम, भीड, संकोच, ओशाळणे, अब्रू, नामुष्की, अपमान ही सारी एका घरातली म्हणून आपण एकाच हाकेने बोलावतो. पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

संकोच म्हणजे पाहुण्या घरी भूक असूनही दुसरी भाकरी न मागणे. त्यात दोष काही नाही. भीड म्हणजे समोरच्याच्या मानामुळे आपले खरे म्हणणे ओठांवर अडकणे. आपला हक्काचा पगार मागतानाही मुकादमाची भीड पडते, आणि भीड भिकेची बहीण ही म्हण काही उगीच झालेली नाही. ओशाळणे हे पकडले गेल्यानंतरचे असते. चाळीच्या नळावर रांग मोडून हंडा पुढे सरकवणाऱ्याकडे एखाद्या आजीने नुसते पाहिले, तरी तो ओशाळतो. शरम हा शब्द फारसीतून आला आणि लाजेच्या शेजारीच बिऱ्हाड करून राहिला. रागावताना आपण लाजेपेक्षा शरम जास्त काढतो एवढाच फरक.

आता मोठ्या शब्दांकडे येऊ. त्यांचा भेद ओळखण्याची एक सोपी रीत मला सापडली आहे. शब्दाच्या मागे कोणते क्रियापद चालते ते पाहावे. लाज 'वाटते'. ती मला वाटते, माझ्या आत वाटते, बंद खोलीत एकटा असलो तरी वाटते. अब्रू 'जाते'. फारसीत 'आब' म्हणजे पाणी, तेज, आणि 'रू' म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे हे पाणी दिसते ते दुसऱ्याला, म्हणून ते राहणे न राहणे दुसऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून. नामुष्की 'ओढवते' किंवा 'पत्करावी लागते'. ती संकटासारखी बाहेरून येते आणि तिला साक्षीदार लागतात. आणि अपमान 'होतो', म्हणजे तो कोणीतरी 'करतो'. जिथे करणारा आहे, तिथे त्याचे नाव विचारता येते.

"जनाची नाही, तर मनाची तरी लाज बाळग," असे आपल्या आया-आज्या म्हणत आल्या. त्यांनी हा भेद केव्हाच केलेला आहे. जनाची लाज म्हणजे अब्रूची काळजी. मनाची लाज तीच खरी लाज.

हा केवळ शब्दांचा खेळ असता, तर मी आपला वेळ घेतला नसता. शब्द चुकला की ओझे चुकीच्या खांद्यावर जाते, म्हणून बोलतो आहे.

गिरणगावातला जुना कर्जाचा प्रश्न घ्या. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर पठाण सावकार काठी घेऊन उभा राही. देणेकरी कामगार गर्दीत तोंड चुकवून निघे, आणि सापडला तर चारचौघांत शिव्या खाई. घरी आल्यावर म्हणे, "लाज वाटते." १९३१ साली व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील मजूर कमिशनने अहवाल दिला. बहुतेक औद्योगिक केंद्रांत कर्जबाजारी कुटुंबांचे प्रमाण दोनतृतीयांशाहून कमी नाही, असा त्यात अंदाज आहे. तिघांतला एक कर्जात बुडाला, तर त्याच्या हिशेबात चूक असेल. तिघांतले दोघे बुडाले, तर चूक पगाराच्या हिशेबात आहे. त्या कामगाराचा होत होता तो अपमान, आणि तो त्याला लाज म्हणून घरी नेत होता.

स्त्रियांच्या बाबतीत तर आपण भाषेतच अन्याय करून ठेवला आहे. बलात्कार झाला की आपण म्हणतो, 'अब्रू लुटली'. घरावर दरोडा पडला, तर मान खाली घालायची ती दरोडेखोराने. इथे मात्र जिची लूट झाली तिनेच मान खाली घालावी अशी रीत. 'विनयभंग' हा शब्दही तसाच. विनय मोडला तो त्या पुरुषाचा, आणि मोजदाद होते तिच्या विनयाची.

आता माझ्या घरच्या, म्हणजे कामगार चळवळीच्या, दोन गोष्टी सांगतो. एक १९८२ ची आणि एक १९२८ ची.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत पुढारी होते आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. वर्ष उलटून गेले, आणि तो संपत संपत संपला. हजारो कामगारांना पुन्हा गिरणीत पाऊल टाकता आले नाही. पुढे गिरण्यांच्या जागांवर मॉल आणि टॉवर उभे राहिले ते आपण रोज पाहतो. आमच्या चाळीतले एक तात्या वीस वर्षे साचे चालवून भायखळ्याच्या मंडईत पाटी उचलू लागले, आणि गावी मात्र 'गिरणीतच आहे' असे कळवीत राहिले. मी मोठा झाल्यावर एकदा विचारले, "तात्या, तुम्ही चोरी केली होती का?" "नाही रे." "मग लाज कसली?" तात्या थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "लाज नाही रे पोरा, अब्रू. गावात गिरणीवाल्याला अब्रू होती, ती राखत होतो." कोश न पाहता त्या माणसाने जो भेद केला, तो मी आज आपल्यापुढे फक्त फुगवून मांडतो आहे. १९८२ साली आमची हार झाली. तिला कोणी नामुष्की म्हणाले, तरी मी भांडणार नाही. पण लाज वाटावी असे त्या अडीच लाखांनी काही केले नव्हते.

दुसरी गोष्ट १९२८ ची. एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिन्यांच्या आसपास चाललेला तो संप. दीड लाखाच्या घरात कामगार होते. गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या पन्नास हजारांवर गेली आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. नामुष्की म्हणून बोट दाखवावे असे त्यात काही नाही. आम्ही तो संप अभिमानाने सांगतो. पण त्याच गिरण्यांत साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, अस्पृश्य कामगाराला शिरू देत नसत. कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाची सबब. पगार चांगला तो साचेखात्यातच. हा अडसर मालकाच्या फायद्याचा म्हणून टिकला नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या कामगारालाच तो हवा होता. डॉ. आंबेडकरांचे काम तेव्हा याच परळमध्ये, दामोदर हॉलमधून चाले. त्यांनी संपाच्या काळात हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे मांडला. त्यानंतरही ती दारे बराच काळ बंदच राहिली. ज्याला दाराबाहेर ठेवले त्याने मान खाली घालावी, अशी तेव्हाची रीत होती. घालायला हवी होती ती आत उभे राहणाऱ्याने. ही आमच्या चळवळीची लाज. तिला साक्षीदार नव्हते, कारण पाहणाऱ्या बहुतेकांना ती दिसतच नव्हती. म्हणून तिची नामुष्की कधी झाली नाही, आणि म्हणूनच ती आजही बोलून दाखवली पाहिजे.

हरलो तिथे लाज नव्हती, आणि नाव कमावले तिथे ती होती. दोन्ही शब्द एक मानले, तर आपण हरलेली गोष्ट लपवू आणि लाजेची गोष्ट मिरवू. व्यक्तीचे होते तेच संस्थेचे आणि देशाचेही होते. बदनामी टाळण्यासाठी कागद दडवणारा अधिकारी अब्रू राखतो. लाज असलेला कागद पुढे ठेवतो.

आपल्यापुढे कोणी "मला लाज वाटते" म्हणत बसला, मग तो नोकरी गेलेला मुलगा असो, हप्ते थकलेला भाऊ असो की छळ सोसलेली लेक असो, तर त्याला एवढेच विचारावे : तू काही केलेस, की तुला कोणी काही केले? केले असेल, तर लाज वाटू द्यावी. ती माणसाला सुधारते. आणि त्याला कोणी केले असेल, तर तो शब्द त्याच्या हातून काढून घ्यावा आणि करणाऱ्याचे नाव लिहायला कागद द्यावा. अर्ज लिहायला माणूस लागला, तर आमची कचेरी संध्याकाळी सातनंतर उघडी असते.